रत्नमालाबाईंनी फोनवरून शोधलेली शाळा

रत्नमाला घाटोळे यांच्याकडे पासपोर्ट नाही. विमानात त्या आयुष्यात एकदाच बसल्या, रायपूर ते दिल्ली, आणि त्यातही उतरेपर्यंत डोळे मिटून. आफ्रिका त्यांनी पाहिली ती मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकात. तरीसुद्धा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, घाना देशातल्या तेमा नावाच्या बंदरगावात आपली नात कोणत्या शाळेत जाईल हे शोधून काढलं त्यांनीच. भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या क्वार्टरच्या व्हरांड्यात, प्लास्टिकच्या खुर्चीवर मांडी घालून, नुसत्या फोनवरून शोधलं. रिटायर झालेल्या चौसष्ट वर्षांच्या बाईनं एवढा आगाऊपणा करावा का, असं कुणी म्हणेल. सेक्टर दोनमध्ये मात्र असं कुणी म्हणत नाही, कारण बाईंचे कान काय चीज आहेत हे तिथे सगळ्यांना माहीत आहे.

बाई मूळच्या गोंदियाच्या. वडील रेल्वेत गार्ड, त्यामुळे बालपण दुर्ग लाईनवरच्या क्वार्टरांमध्ये गेलं. बारावी झाली, लग्न झालं आणि त्या भिलाईला आल्या. नवरा शामराव कारखान्यात फिटर, अबोल, सज्जन आणि चहात तीन चमचे साखर घेणारा माणूस. पराग सहा वर्षांचा असताना शामरावांना कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत ते गेले. त्यांच्या जागी बाईंना नोकरी मिळाली ती कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. तोपर्यंत त्यांनी फोन हातात धरला होता तो एकूण तीन वेळा, आणि त्यातल्या एका वेळी उलटा.

एक्स्चेंजमध्ये सीनियर होत्या हिरा दीदी. कुरुदच्या, पक्क्या छत्तीसगढी, आवाज असा की रिसीव्हर नसता तरी पलीकडे ऐकू गेला असता. शिफ्ट बदलताना जाणारीनं येणारीला ‘चार्ज’ द्यायचा असतो, म्हणजे बोर्डाचे सगळे हालहवाल सांगायचे. त्यात हिरा दीदींचा कायदा कडक होता. "पहिली बिगड़े लाइन ला बता," त्या म्हणायच्या, "बने ला मैं खुदे देख लेहूँ." आधी बिघडलेलं सांग, चांगलं काय ते माझं मी बघून घेईन. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात एक लाईन मुकी झाली. आपल्याच हातून बिघडली असं वाटून बाईंनी ती लपवली, ‘सब ठीक है’ म्हणून चार्ज दिला आणि घर गाठलं. हिरा दीदी अर्धा तास त्या लाईनीवर हॅलो हॅलो करत बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या रागावल्या नाहीत. त्यांनी चहा पाजला आणि विचारलं, काल घरी गेल्यावर जेवण गोड लागलं का? बाईंना रडू फुटलं. त्यानंतर सत्तावीस वर्षं त्यांनी जेव्हा जेव्हा चार्ज दिला तेव्हा आधी बिघडलेलं सांगितलं.

या सत्तावीस वर्षांत त्यांचे कान असे तयार झाले की घरच्यांना त्याचा त्रासच व्हायचा. पलीकडचा माणूस बसून बोलतोय की उभा राहून, खोलीत एकटा आहे की शेजारी कुणी कान देऊन आहे, हे त्या दोन वाक्यांत सांगतात. कुम्हारीची मावसबहीण शेवंता एकदा फोनवर म्हणाली, "मी बरी आहे गं." बाईंनी फोन ठेवला, पायात चपला अडकवल्या आणि कुम्हारीची बस पकडली. शेवंता तीन दिवसांपासून तापानं फणफणत होती. कसं कळलं, असं विचारलं तर बाई म्हणतात, "बरी म्हन्याच्या आधी तिनं दम घेतला ना!" गॅस एजन्सीच्या पोरानं फोन उचलून नुसतं "हां, बोलो" म्हटलं तर बाई आधी त्याच्याकडून नमस्कार वसूल करतात आणि मगच सिलिंडर मागतात. शिस्त म्हणजे शिस्त.

तर अशा बाईंचा पराग शिकला, इंजिनिअर झाला, रोलिंग मिलच्या मेंटेनन्समध्ये वाकबगार झाला. काही वर्षं रायपूरला काढली, मग दोन वर्षं बायको-मुलीसह व्हिएतनाममध्ये. यंदा एप्रिलमध्ये त्याला तेमाच्या सळया बनवणाऱ्या कारखान्यात बढतीची नोकरी मिळाली. तो एकटाच पुढे गेला. बायको ममता आणि नऊ वर्षांची ईरा मे महिन्यात भिलाईला आल्या, कारण तिथली शाळा सप्टेंबरात सुरू होणार होती आणि शाळा कोणती हेच अजून ठरलं नव्हतं.

परदेशी नोकरी करणाऱ्यांच्या घरात मुलांची शाळा हा मोठा पेच असतो. मूल पहिली एका देशात शिकतं, तिसरी दुसऱ्या देशात, आणि उद्या बापाचं कंत्राट संपून घरी परतलं तर इथल्या बोर्डातही बसलं पाहिजे. परागनं या पेचावर उपाय म्हणून तक्ता केला होता. अकरा रकाने आणि तीन शाळा. अभ्यासक्रम, निकाल, घरापासून अंतर, वर्गात किती मुलं, पोहायचा तलाव आहे की नाही. पहिली शाळा राजधानीत, अक्रामध्ये. भव्य, चाळीसेक देशांची मुलं, जायला बसनं तास-सव्वा तास. दुसरी भारतीय अभ्यासक्रमाची. तिसरी तेमामधलीच, दोन इमारतींची, तिच्या वेबसाईटवरचे फोटोसुद्धा चार वर्षांपूर्वीचे. ही तिसरी परागनं तक्त्यात घातली होती ती केवळ संख्या भरायला. तीन कोटेशन आल्याशिवाय काही पास करायचं नाही, ही कारखान्याची सवय त्याच्या अंगात मुरलेली. मनातून पहिली शाळा पक्की होती. तिथे एकच जागा उरली होती आणि शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता.

"आई, तिथल्या सगळ्या इंडियन फॅमिली त्याच शाळेत टाकून राहिल्या," ममता म्हणाली. "आपनच एकटे मागे काहून राहायचं?"

बाईंनी मान हलवली. शाळांमधलं आपल्याला काय कळतं, असं त्या तेव्हा खरोखरच मनाशी म्हणाल्या.

त्यांचं मन बदललं ते सोमवारी. त्या दिवशी सकाळी आजी आणि नात गच्चीवर जुन्या साडीवर मुगाच्या वड्या घालत होत्या. ईरा अखंड बोलत होती. कावळा कसा चोर आहे, व्हिएतनाममध्ये सायकलवर डुक्कर कसं नेतात, बाबा झोपेत कसा हिंदीत भांडतो, सगळं अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून अच्युतराव डोकावले. रिटायर्ड हेडमास्तर आणि मनानं सरळ माणूस. फॉरेनहून आलेल्या मुलीशी इंग्लिशमध्ये बोलावं म्हणून त्यांनी प्रेमानं विचारलं, तुझा आवडता विषय कोणता?

ईराचं बोलणं जागच्या जागी थांबलं. तिनं अच्युतरावांकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि हातातल्या वडीकडे बघत उभी राहिली. अच्युतरावांनी पुन्हा विचारलं, अगदी सोपं करून. मुलीच्या तोंडून हूं की चूं नाही. ते हसून म्हणाले, "लाजाळू आहे," आणि गेले. बाई हसल्या नाहीत. मुलीचा अडकलेला श्वास त्यांनी ऐकला होता.

"काय झालं गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुछ नहीं."

"शाळेत बी असीच राहत होती का?"

ईरा वडी चपटी करत राहिली. "क्लासमधी मी बोलत नाही, आजी. पहिले बोलायला लागायचं तो टाइम निकल गया. अब सबको लगता है की मी बोलतच नाही. तर कोणी विचारत पन नाही."

बाई तशाच पिठाच्या हातानं खाली आल्या. स्वयंपाकघरात ममताला विचारलं, तर तिनं कपाटातून मुलीचं प्रगतिपुस्तक काढून दाखवलं. त्यात दोन्ही वर्षं एकच गोष्ट लिहिलेली होती की ईरा अत्यंत शांत आणि शिस्तीची मुलगी आहे. आईबापांनी ते अभिमानानं नातेवाइकांना पाठवलंही होतं. आपल्याकडे शांत मुलगी म्हणजे गुणी मुलगी. त्यात काही खटकण्यासारखं आहे हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"तिथं पहिल्या दिवसी तिले इंग्लिस येत होतं का?" बाईंनी विचारलं.

ममतानं प्रगतिपुस्तक मिटलं. मग तिनं सांगितलं. व्हिएतनामच्या त्या शाळेच्या फॉर्मवर एक रकाना होता, घरात कोणती भाषा बोलता? परागच्या एका सहकाऱ्यानं कानमंत्र दिला होता की तिथे इंग्लिशच लिहायचं, नाहीतर पोरांना वेगळं बसवतात, खालच्या गटात टाकतात. म्हणून त्यांनी इंग्लिश लिहिलं. मुलाखतीसाठी ईराकडून वीस प्रश्नांची उत्तरं पाठ करून घेतली. पोरीनं ती घडाघडा म्हणून दाखवली आणि ती पास झाली. ज्या मुलांच्या घरी दुसरी भाषा होती त्यांना शाळेनं रोज तासभर वेगळी बाई देऊन इंग्लिश शिकवलं. ईराच्या घरी इंग्लिश असल्यामुळे तिला ती बाई मिळाली नाही. एकविसावा प्रश्न आला त्या दिवशी पोरीची बोलती बंद झाली.

"आमाले वाटलं, तिच्या भल्यासाठीच करून राहिलो आपन," ममता म्हणाली.

बाईंना राग आला होता, पण त्या सुनेवर ओरडल्या नाहीत. मुकी लाईन लपवून घरी पळालेली एक बाई त्यांना चांगली माहीत होती. त्यांनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "मले त्या तिन्ही शाळेचे नंबर दे."

परागला हे कळलं तेव्हा तो तेमाहून कळवळून म्हणाला, "आई, अगं ते लोक ईमेलवर बोलतात. तू फोन करून काय विचारनार?"

"काय बिघडलेलं आहे ते विचारीन," बाई म्हणाल्या.

ममतानं आपल्या मोबाईलमध्ये परदेशी फोनचा पॅक टाकून दिला. बाईंनी वेळ मुद्दाम चारची धरली, म्हणजे तिकडे सकाळचे साडेदहा, शाळेच्या मधल्या सुट्टीचा सुमार. ऑफिसातल्या माणसाचं खरं बोलणं ऐकायचं तर तो जरा घाईत असताना ऐकावं, हे त्यांचं जुनं तंत्र. त्यांचं इंग्लिश म्हणजे एक्स्चेंजचं इंग्लिश. गोष्टीचं पुस्तक वाचता येणार नाही, पण ‘होल्ड द लाईन प्लीज’ असं म्हणतात की ऐकणारा उठून उभा राहील.

मंगळवारी त्यांनी मोठ्या शाळेला फोन लावला. आधी यंत्र बोललं. मग सात मिनिटं वाजंत्री. मग एक गोड आवाजाची बाई आली आणि तलाव, नाट्यगृह, रोबोटची प्रयोगशाळा असं सगळं न थांबता सांगून मोकळी झाली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की तुमच्या शाळेत सध्या काय नीट चाललेलं नाही? मग तितक्याच गोड आवाजात उत्तर आलं की आमच्याकडे अशी कुठलीच अडचण नाही, आणि आपण सविस्तर माहिती ईमेलवर मागवावी.

"मधली सुट्टी चालू आहे अन् फोनमधी एका बी पोट्ट्याचा आवाज नाही," बाई फोन ठेवून म्हणाल्या. "शाळा आहे का ब्यांक?"

आता ऑफिस वेगळ्या इमारतीत असेल, तेवढा न्याय करायला हवा. पण बाईंच्या तोंडाला लागून कुणी न्याय करायला जात नाही.

दुसऱ्या शाळेत फोन उचलला एका हिंदी बोलणाऱ्या गृहस्थांनी. भिलाई म्हणताच ते खूश झाले, त्यांचे कुणी काका म्हणे इथे नोकरीला होते. पाच मिनिटं गप्पा रंगल्या. मग बाईंनी आपला प्रश्न टाकला आणि गृहस्थांचा सूरच पालटला. "मैडम, हमारे यहाँ कोई खराबी नहीं है. आप रिजल्ट देख लीजिए." बाईंनी विचारलं, मुलगी वर्गात बोलत नसेल तर? गृहस्थ एकदम मोकळे हसले. "अरे मैडम, शांत बच्चे तो हमें बहुत पसंद हैं!"

बाईंनी त्यांचे आभार मानले, फोन ठेवला आणि परागच्या तक्त्यातल्या त्या शाळेवर पेन्सिलीनं एवढी जोरात रेघ मारली की कागद फाटला.

त्या दिवशी जेवताना ममता म्हणाली, "आई, आपन त्यायले दोष विचारतो तर ठीक आहे. पन आपल्या ईराचं नका सांगू. उद्या एक बी शाळा घेनार नाही तिले." हे बोलणं खोटं नव्हतं. शाळा निवडतात असं आईबापांना वाटतं, पण शाळाही मुलं निवडतात. शुक्रवार तीन दिवसांवर होता. तिन्हीकडून नकार आला तर पोरीचं वर्ष जाणार होतं, आणि चुकीच्या ठिकाणाहून होकार आला तर पोरीचा आवाज. या दोन्हींत कोणतं नुकसान मोठं हे बाईंना कळत होतं, तरी त्यांनी सुनेला शब्द दिला की नाही सांगणार.

बुधवारी चार वाजता त्यांनी तिसरा नंबर फिरवला. ममता शेजारी वेताच्या मोड्यावर बसली होती. ईरा खाली फरशीवर बसून वाळलेल्या वड्या डब्यात भरत होती. फोन स्पीकरवर होता.

तिसऱ्या घंटीला कुणीतरी उचलला आणि व्हरांडा पोरांच्या कल्ल्यानं भरून गेला. कुणी ओरडत होतं, कुणी गात होतं, चेंडू भिंतीवर आपटत होता. "एक मिनिट हं," असं इंग्लिशमध्ये म्हणून फोनवरची बाई दुसऱ्याच कुणावर खेकसली की खिडकीतून उतर, दार कशाला केलंय! मग ती परत आली आणि तिनं आपलं नाव सांगितलं. मिसेस आसांते, मुख्याध्यापिका. क्लार्क सुट्टीवर असल्यानं फोन त्याच घेत होत्या.

बाईंनी भिलाईहून बोलत असल्याचं सांगितलं, नातीचं नाव सांगितलं आणि सरळ विचारलं, "तुमच्या शाळेत काय बिघडलेलं आहे?"

पलीकडून आधी हसू आलं. मोठं, पोटातून आलेलं. "आधी सोपं सांगू की अवघड?" त्यांनी विचारलं. आणि खरंच सांगत सुटल्या. फ्रेंचची बाई मार्चमध्ये सोडून गेली आणि दुसरी अजून मिळालेली नाही. शाळेच्या मागच्या रस्त्यानं बंदराचे ट्रक जातात, त्यामुळे दुपारी त्या बाजूच्या वर्गात घसा फोडून शिकवावं लागतं. प्रयोगशाळा एकच आहे आणि ती मोठ्यांना आधी मिळते. मग त्या म्हणाल्या, "आणि अवघड हे आहे की आमच्याकडची बरीच मुलं तुमच्यासारख्या नोकरदारांची आहेत. बापाची बदली झाली की मूल जातं. जाणाऱ्याला आम्ही पार्टी देतो. मागे राहतो त्याचा जिवलग मित्र, त्याला काय सांगायचं हे आम्हाला अजून नीट जमत नाही. दरवर्षी प्रयत्न करतो, दरवर्षी कुठेतरी चुकतं."

बाईंनी डोळे मिटून ऐकलं. चार्ज असा देतात! त्यांना हिरा दीदींना बोलावून ऐकवावंसं वाटलं.

"आता तुम्ही सांगा," मिसेस आसांते म्हणाल्या. "मुलीचं काय बिघडलंय? फोन उगाच इतक्या लांबून करत नाही कुणी."

बाईंनी तोंड उघडलं. ममता हातानं नाही नाही करत होती. खाली ईरा डब्यात वडी टाकायची थांबली होती. आणि जन्मभर जिनं बिघडलेलं आधी सांगितलं ती बाई म्हणाली, "आमची मुलगी फार हुशार आहे. गणितात पहिली. चित्रं काढते. शिस्त तर..."

तिथे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. काल ती गोड आवाजाची बाई बोलत होती तसंच सगळं, तलाव आणि नाट्यगृह. नातीच्या देखत नातीचं उणं काढायची त्यांना लाज वाटली होती, आणि ही लाज म्हणजेच पोरीवर आलेलं सगळं संकट. मिसेस आसांते घाई न करता वाट पाहत होत्या.

"सॉरी मॅडम," बाई म्हणाल्या. "ती वर्गात बोलत नाही. दोन वर्षं झाली. घरी आम्ही मराठी बोलतो, हिंदी बोलतो. फॉर्मवर इंग्लिश लिहिलं होतं. ती आमची चूक. तिची नाही."

ममतानं तोंड झाकून घेतलं. पलीकडे चेंडू दोनदा भिंतीवर आपटला.

"मराठी म्हणजे कशी असते?" मिसेस आसांते म्हणाल्या. "मी कधी ऐकली नाही. मुलगी जवळ असेल तर तिला द्या ना. तिच्या भाषेत बोलू दे काहीही. मला तिचा आवाज ऐकायचाय."

बाईंनी फोन खाली धरला. ईरानं आईकडे पाहिलं, मग फोनकडे. मग ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मी वड्या भरून राहिली." पलीकडून "हं" असा हुंकार आला. "मुगाच्या. आजीनं अन् मी घातल्या. एक कौवा आहे, तो रोज येते, त्याले मी शामराव नाव ठेवलं, काहून की त्याले पन गोड आवडते." कावळ्याचं हे आपल्या नवऱ्याच्या नावावरून झालेलं नामकरण बाईंना आत्ताच कळलं. पोरगी मात्र सुटली. पाच मिनिटं ती एका अक्षराचाही अर्थ न कळणाऱ्या बाईला कावळ्याची सगळी कहाणी सांगत होती आणि ती बाई प्रत्येक वाक्याला हुंकार देत होती. शेवटी मिसेस आसांतेही तिकडच्या आपल्या भाषेत काहीतरी लांबलचक बोलल्या. ईराला त्यातलं काही कळलं नाही आणि ती खदखदून हसली.

मग ती हसायची थांबली. फोन तिनं दोन्ही हातांनी धरला आणि इंग्लिशमध्ये, अडखळत, एकेक शब्द शोधत विचारलं, "तुमच्या शाळेत बाथरूमला जायचं असेल तर इंग्लिशमध्येच विचारावं लागतं का?"

ममता जागच्या जागी ताठ झाली.

"नाही गं," मिसेस आसांते म्हणाल्या. त्यांचा आवाज आता हसत नव्हता. "विचारायचंच नाही. उठायचं आणि जायचं."

"ओके," ईरा म्हणाली. तिनं फोन आजीच्या हातात दिला आणि पुन्हा वड्या भरू लागली.

बाईंनी निरोप कसा घेतला ते त्यांना आठवत नाही. फोन बंद झाला तशी ममता मोड्यावरून उतरून लेकीसमोर फरशीवर बसली. "ईरा, तिकडे तू... विचारत नव्हती? मग काय करत होती?"

"घरी येऊन जायची ना."

"दिवसभर?"

"पानीच नाही प्यायची मी, मम्मी," ईरा म्हणाली. तक्रार म्हणून नाही, एखादी युक्ती समजावून सांगावी तसं. "सकाळी नाही प्यायचं, टिफिनमधी पन नाही प्यायचं. बॉटल वापस येताना बसच्या पहिले झाडात ओतून द्यायची. मग काही नाही होत."

ममतानं तिला छातीशी धरलं आणि ती रडू लागली. बाई खुर्चीतच बसून राहिल्या. रोज संध्याकाळी व्हिएतनामहून येणारा नातीचा फोन त्यांनी दोन वर्षं घेतला होता. शेवंतेचा ताप ज्या कानांनी ओळखला त्याच कानांनी. आपल्या कानांचा त्यांना फार अभिमान होता, आणि त्या दुपारी तो राहिला नाही. हे त्यांनी नंतर स्वतःच सगळ्यांना सांगितलं, अगदी अच्युतरावांनासुद्धा. माणसं आपल्या कर्तबगारीच्या गोष्टी सांगतात. ही बाई शाळा कशी शोधली ते सांगताना आपल्याला काय ऐकू आलं नाही तेच आधी सांगते. तिच्याविषयी आदर वाटतो तो यासाठी.

परागला फोन बाईंनीच लावला, साडेपाचला, म्हणजे तिकडच्या दुपारी बाराला. तो नुकताच कारखान्यातून जेवायला खोलीवर आला होता. त्यांनी काही सजवलं नाही, काही गाळलं नाही. फॉर्म, वीस प्रश्न, प्रगतिपुस्तक, पाण्याची बाटली. तक्त्याचं नाव त्यानं काढलं नाही, शुक्रवारचंही नाही.

"त्या बाईचा नंबर पाठव," एवढंच म्हणाला. तासाभरानं त्याचा परत फोन आला. तो स्वतः त्या शाळेत जाऊन आला होता, कारखान्याच्या कपड्यांतच. प्रवेश झाला. पहिलं सत्र ईरा रोज एक तास इंग्लिशच्या वेगळ्या बाईंकडे बसेल, आणि भाषेच्या रकान्यात त्यानं मराठी, हिंदी असं दोन्ही लिहिलं.

"ईराले दे," तो म्हणाला.

बाईंनी स्पीकर बंद केला आणि फोन नातीच्या कानाशी लावला. पराग तिच्याशी बराच वेळ बोलत होता. काय बोलला ते व्हरांड्यात कुणालाच ऐकू आलं नाही, आणि बाईंनी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. ईरा मान खाली घालून ऐकत होती, बोटानं फरशीवरचा वड्यांचा चुरा गोळा करत होती.

"हो बाबा," ती शेवटी म्हणाली. "पीत जाईन आता."